डाव्या बाजूशिवायचं ताट

लिंबू नाही. कोशिंबीर नाही. मिरची, कोथिंबीर, मेथी, आंबट चुका, कच्चा कांदा, काही म्हणजे काही नाही. वर्षातला बराचसा काळ जमीन गोठलेली, हिवाळ्यात काही आठवडे तर सूर्य उगवतच नाही. आणि तरी शेकडो पिढ्या माणसं तिथं राहतात, पोरंबाळं वाढवतात, कुत्र्यांच्या गाड्या हाकतात, आणि त्यांच्या हिरड्यांतून रक्त येत नाही! हे कसं काय? हा प्रश्न डोक्यात शिरल्यापासून मी घरात कुणाला सुखानं जेवू दिलेलं नाही. आईला म्हटलं, ‘अगं, ध्रुवाकडची ती माणसं शिकारीच्या मांसावर राहायची, आणि ठणठणीत असायची.’ आई कोल्हापूरची. मटणाचं कौतुक तिला मी काय सांगणार! पण तिनं हातातला घास ताटात ठेवून विचारलं, ‘मग डाव्या बाजूला काय वाढतात रे?’

बिनतोड प्रश्न. आपल्या ताटाची डावी बाजू म्हणजे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. शरीराला चिमूटभरच लागणारं पण नसलं तर माणूस आडवा होईल असं बरंच काही तिथून येतं. शाळेत आपण तक्ता घोकलेला असतो: क जीवनसत्त्व म्हटलं की संत्रं, आवळा, पेरू. त्या तक्त्यात सीलचं काळीज कुठं होतं? आणि उत्तर सापडलं तेव्हा मी खरोखर खुर्चीतून उठून येरझाऱ्या घालायला लागलो. ती सगळी डावी बाजू प्राण्याच्या आतच असते! फक्त ती नेमकी कुठं असते आणि कशी खायची, हे ठाऊक पाहिजे.

जरा सावकाश सांगतो, नाहीतर सगळं एकदमच तोंडातून निघेल.

बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करतात. माणूस, वानरं, गिनिपिग अशा थोड्यांनाच ते जमत नाही. म्हणजे टुंड्रावर दगडफूल आणि गवत चघळत हिंडणाऱ्या कॅरिबूला, उत्तर अमेरिकेतल्या रानटी रेनडिअरला, संत्र्याची गरजच नाही. तो स्वतःचं क जीवनसत्त्व अंगात घेऊन हिंडतो. आपण मांसात ते नसतं असं समजतो, कारण आपण मांस तासन्‌तास रटरटवतो, आणि हे जीवनसत्त्व उष्णतेला नाजूक असतं. इन्युइट लोक, शाळेच्या पुस्तकातले आपले एस्किमो, बरंचसं मांस कच्चं खातात, गोठलेलं खातात, वाळवून खातात, नाहीतर जेमतेम उकळतात. माँट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठात मूलनिवासींच्या आहाराचा अभ्यास करणारं एक केंद्र आहे. तिथल्या कॅरेन फेडियुक, हॅरिएट कुह्नलाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पदार्थ प्रयोगशाळेत नेऊन मोजले. २००२ साली आकडे छापून आले. कॅरिबूच्या कच्च्या काळजात १०० ग्रॅममागे सुमारे २४ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. माशांच्या अंड्यांत, म्हणजे आपल्या गाबोळीत, जवळजवळ ५०. आणि मत्ताकमध्ये सुमारे ३६!

मत्ताक म्हणजे बेलुगा किंवा नार्व्हाल या देवमाशांची कातडी आणि तिच्याखालचा चरबीचा थर. अर्धचंद्राच्या आकाराच्या उलू नावाच्या सुरीनं, जी पूर्वापार बायकांची सुरी, त्याचे चौकोनी तुकडे करतात आणि कच्चेच चघळतात. देवमाशाच्या कातडीत संत्र्याच्या पंक्तीला बसणारं क जीवनसत्त्व! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये शेफील्डला स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगात दिसलं होतं की दिवसाला जेमतेम १० मिलिग्रॅम मिळालं तरी स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाअभावी हिरड्यांतून रक्त आणणारा रोग, होत नाही, झालेली बरी होते. म्हणजे मत्ताकचे चार तुकडे चघळले की त्या दिवसाची काळजी मिटली. बरं, त्यांच्या खाण्यात वनस्पती अजिबात नव्हत्या असंही नाही. उन्हाळ्यात टुंड्रावर क्लाउडबेरी, क्रोबेरी पिकतात, किनाऱ्यावर समुद्रशेवाळ मिळतं, ते सगळं आवडीनं खाल्लं जायचं. पण लांबलचक हिवाळ्याची मदार शिकारीवरच.

आता गंमत बघा. हे ज्ञान त्यांच्याकडे आयतं असताना युरोपातले दर्यावर्दी त्यांच्याच दारात येऊन मरत होते! १८४५ साली सर जॉन फ्रँकलिन दोन जहाजं आणि डबाबंद अन्नाचा प्रचंड साठा घेऊन वायव्येचा समुद्रमार्ग शोधायला गेला. १२९ माणसं, एकही परतलं नाही. ती नेमकी कशानं मेली यावर विद्वान अजून भांडतात, त्यात मी पडत नाही. पण त्याच सुमाराला, १८४६-४७ च्या हिवाळ्यात, ऑर्कनी बेटांवरचा डॉक्टर जॉन रे थोडीशी माणसं घेऊन रिपल्स बेला राहिला. कॅरिबू मारले, मासे धरले, तिथल्या लोकांकडून शिकला आणि माणसं धडधाकट परत आणली.

फ्रेडरिक कुकची गोष्ट तर मी भेटेल त्याला ऐकवतोय. हा अमेरिकन डॉक्टर ग्रीनलंडमध्ये इन्युइटांच्या शेजारी राहून आलेला. ताजं मांस खाणाऱ्यांना स्कर्व्ही होत नाही, हे त्यानं तिथं डोळ्यांनी पाहिलं होतं. १८९८ मध्ये तो ‘बेल्जिका’ या जहाजावर होता, आणि ते जहाज दुसऱ्या टोकाला, अंटार्क्टिकाच्या समुद्रात, बर्फात अडकलं. सूर्य गेला. माणसं सुजली, हिरड्या सडल्या, एकेकाचं डोकं फिरायला लागलं. कुक म्हणाला, पेंग्विन आणि सील खा, आणि फार शिजवू नका. कप्तान द जर्लाशला त्या मांसाचा असा तिटकारा की सुरुवातीला तो ऐकेचना. शेवटी बरेच जण अंथरुणाला खिळल्यावर कुकनं औषध म्हणून ते मांस त्यांच्या गळी उतरवलं, आणि माणसं उठून बसली! दक्षिण टोकावर, उत्तर टोकाच्या लोकांच्या शहाणपणानं. जहाजावरचा एक तरुण अधिकारी हे सगळं बघत होता. त्याचं नाव रोआल्ड आमुंडसेन. पुढे तो दक्षिण ध्रुवावर पहिला पोचला, तेव्हा त्याच्या तळावर सीलचं मांस रोजच्या जेवणात होतं. कुक मात्र नंतर उत्तर ध्रुव गाठल्याच्या दाव्यावरून पार बदनाम झाला. म्हणून काय बेल्जिकावरचं त्याचं श्रेय काढून घ्यायचं? मी तरी घेणार नाही.

आणि मग स्टेफान्सन! विल्यालमर स्टेफान्सन, कॅनडात जन्मलेला, आइसलँडी आईबापांचा, हार्वर्डमध्ये मानवशास्त्र शिकलेला. १९०६ पासून तो मॅकेंझी नदीच्या मुखाशी इन्युइटांच्या घरांत राहिला, ते खातील ते खाल्लं. परत येऊन तो सांगायला लागला की माणूस मांसावर वर्षानुवर्षं मजेत जगतो. कुणी विश्वास ठेवेना. तेव्हा १९२८ मध्ये तो आणि त्याचा सोबती कार्स्टन अँडरसन न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळात दाखल झाले. आमच्यावर लक्ष ठेवा, आम्ही वर्षभर फक्त मांस खातो! खर्चाला पैसा मांस विकणाऱ्या कारखानदारांच्या संघटनेचा, हे ध्यानात ठेवलेलं बरं. पण तपासणारे यूजीन ड्युबॉइस आणि त्यांचे सहकारी कसलेले डॉक्टर होते, आणि त्यांनी जे लिहून ठेवलं त्यातला सगळ्यात भारी भाग मांसविक्रेत्यांच्या फायद्याचा मुळीच नव्हता.

तो भाग असा. सुरुवातीला डॉक्टरांनी स्टेफान्सनला मुद्दाम चरबी काढलेलं, निव्वळ लालभडक मांस दिलं. तो सांगत होता, असं करू नका, मी आजारी पडेन. आणि दोन-तीन दिवसांत खरंच पडला. मळमळ, जुलाब, गळून गेला. उपाय त्यानंच सांगितला: चरबीदार मांस आणि डुकराच्या चरबीत तळलेला भेजा. ते खाल्लं आणि गडी सावरला. नंतर वर्षभर दोघांच्या आहारात सुमारे तीन-चतुर्थांश ऊर्जा चरबीतून येत होती आणि प्रथिनांचा वाटा बेताचाच होता. स्कर्व्ही झाली नाही. कॅल्शियम मात्र कमी पडलं, कारण न्यूयॉर्कच्या जेवणात ते चघळायच्या हाडांतून येत नव्हतं. उत्तरेला माशाचे काटे आणि फासळ्यांची मऊ टोकं चावून खातात, ती उगीच नाही.

इथं माझं डोकंच फिरलं. म्हणजे मांस हे अन्न नव्हेच, निदान एकटं नव्हे! उत्तर कॅनडाच्या जंगलात एक आजार सगळ्यांना ठाऊक आहे, सशांची उपासमार. हिवाळ्याच्या शेवटी दुसरं काही मिळेना म्हणून माणसं ससे मारून खातात. सशाच्या अंगावर चरबी नसतेच. पोटाला तडस लागेस्तोवर खाऊनही भूक भागत नाही, जुलाब होतात, आणि हेच चालू राहिलं तर माणूस भरल्या पोटी मरतो. कारण प्रथिनांतला नायट्रोजन युरियात बदलून बाहेर टाकायचं यकृताचं काम एका मर्यादेपलीकडे होत नाही. दिवसाच्या ऊर्जेत प्रथिनांचा वाटा साधारण ३५-४० टक्क्यांच्या वर गेला की शरीर हात टेकतं. आपल्याकडे जिममध्ये जाणारी पोरं उकडलेल्या कोंबडीच्या छातीचे डबे घेऊन फिरतात. त्यांना हे वाचून दाखवायची मला फार इच्छा आहे.

म्हणून कॅरिबूची शिकार कधी करायची यालाही महत्त्व. शरद ऋतूच्या तोंडाशी, माजावर येण्याआधी, नराच्या पाठीवर चरबीचा जाडजूड थर असतो. तीच वेळ साठवणीची. वसंतात तोच प्राणी नुसता हाडं आणि स्नायू. तेव्हा चरबी शोधायची ती जिभेत, डोळ्यांमागच्या खोबणीत आणि नळीतल्या मगजात, कारण उपाशी जनावराच्या अंगातून मगजाची चरबी सगळ्यात शेवटी जाते. स्टेफान्सननं लिहून ठेवलंय की पाठीतलं मऊ, चरबीशिवायचं मांस, ज्याला शहरात सगळ्यात जास्त भाव, ते तिथं कुत्र्यांना घालत! किनाऱ्यावरच्या लोकांना ही चिंता कमी, कारण सीलच्या चरबीचं तेल बाराही महिने हाताशी. त्यात वाळलेलं मांस बुडवून खायचं. आतल्या भागातल्या कॅरिबूवर जगणाऱ्यांचं तसं नव्हतं. कळपानं वाट बदलली की संपलं. १९५८ च्या हिवाळ्यात गॅरी लेकच्या बाजूला माणसं भुकेनं मेली, हेही याच गोष्टीत येतं.

सीलच्या मांसाचा फोटो पाहिलाय का कधी? जवळजवळ काळं असतं. सील श्वास रोखून बराच वेळ बर्फाखाली राहतो. त्यासाठी लागणारा प्राणवायू साठवायला त्याच्या स्नायूंत मायोग्लोबिन ठासून भरलेलं, आणि मायोग्लोबिन म्हणजे लोह. रिंग्ड सीलच्या १०० ग्रॅम मांसात सुमारे २० मिलिग्रॅम लोह! कॅरिबूत साडेचार-पाच. आपल्या बोकडाच्या मटणात तीनच्या आतबाहेर. शिवाय हे लोह शरीरात सहज मुरतं. आपल्या देशात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. तो आकडा आणि हे वीस मिलिग्रॅम शेजारी ठेवून मी बराच वेळ नुसता बसलो होतो.

ड जीवनसत्त्वाचं तर विचारूच नका. सूर्यच नाही तिथं ते कातडीत कुठून बनणार? ते माशांच्या आणि समुद्री प्राण्यांच्या चरबीतून, काळजातून येतं. आणि अ जीवनसत्त्व इतकं मुबलक की एका ठिकाणी ते चक्क विष होतं! ध्रुवीय अस्वलाचं काळीज इन्युइट खात नाहीत. १५९७ मध्ये नोव्हाया झेमल्याच्या बेटांवर अडकलेल्या विलेम बॅरेंट्सच्या डच खलाशांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते शिजवून खाल्लं, आजारी पडले, आणि तिघांची कातडी डोक्यापासून पायापर्यंत सोलून निघाली. कारण कळायला १९४० चं दशक उजाडलं. नॉर्वेचे कोरे रोडाल यांनी त्यात भयंकर प्रमाणात अ जीवनसत्त्व आहे हे दाखवून दिलं.

एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२८ साली, म्हणजे स्टेफान्सन इस्पितळात मांस खात होता त्याच साली, अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी या हंगेरियन शास्त्रज्ञानं एक आम्ल वेगळं काढल्याचं जाहीर केलं. तेच क जीवनसत्त्व, हे काही वर्षांनी सिद्ध झालं. पण त्यानं ते काढलं कशातून? लिंबातून नव्हे. गुरांच्या मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींतून! आणि वेस्टन प्राइस नावाचा अमेरिकन दंतवैद्य १९३० च्या दशकात उत्तर कॅनडात हिंडत होता. (त्याची बाकीची बरीच मतं मला पटत नाहीत.) तिथल्या जंगलातल्या मूलनिवासींनी त्याला सांगितलं की मूस नावाचं थोराड हरीण मारलं की पाठीकडून उघडायचं, मूत्रपिंडाच्या वर चरबीत दोन छोटे गोळे असतात ते काढायचे, घरात जितकी माणसं तितके तुकडे करायचे आणि प्रत्येकानं एकेक खायचा. तेच गोळे! त्याच ग्रंथी! प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक नाही, आणि वाटणी घरातल्या प्रत्येकाला. वाचताना अंगावर काटा आला.

एवढं सगळं कळल्यावर कुणालाही वाटेल, चला, आपणही भात-भाकरी सोडू या. हल्ली कीटोवाले ऊठसूट इन्युइटांचं नाव घेतात. तिथं मात्र मी थांबतो, कारण शास्त्रानं त्या उत्साहाला चांगलाच चाप लावलाय. १९७० च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडमध्ये रक्ताचे नमुने गोळा केले. तिथल्यांच्या रक्तातले मेद वेगळे दिसले आणि ओमेगा-३ चा डंका जगभर वाजला. आज आपल्या औषधांच्या दुकानात दिसणाऱ्या माशाच्या तेलाच्या गोळ्यांचं मूळ बऱ्याच अंशी तिथंच आहे. पण इन्युइटांना हृदयविकार खरंच कमी होता का, यावर पुढे मोठी शंका घेतली गेली. २०१५ मध्ये तर ग्रीनलंडच्या इन्युइटांच्या जनुकांतच मेदाम्लं हाताळण्याची वेगळी तऱ्हा सापडली. त्यांच्यात आणि सैबेरियाच्या ईशान्येकडच्या लोकांत आणखी एक जनुकीय बदल सर्रास आढळतो, त्यामुळे चरबीपासून कीटोन बनण्याचं प्रमाणच कमी राहतं. म्हणजे कीटो आहाराचे आदर्श मानले गेलेले हे लोक सहजासहजी कीटोसिसमध्ये जातच नसावेत! डेन्मार्कचे ऑगस्ट आणि मारी क्रॉ हे नवरा-बायको १९०८ मध्येच ग्रीनलंडला जाऊन त्यांच्या चयापचयाची मोजमापं घेऊन आले होते.  ते ताट त्या अंगांसाठी पिढ्यान्‌पिढ्या घडलेलं आहे. आपण त्याकडे तोंडात बोट घालून बघायचं. आपल्याकडे तसंही १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी.

मग तिथं आज काय चाललंय हे वाचायला घेतलं, आणि रात्रीची झोप गेली. उत्तर कॅनडातल्या नुनावुतमध्ये दुकानात सगळं विमानानं नाहीतर उन्हाळ्यातल्या जहाजानं येतं, आणि किमती ऐकून डोळे पांढरे होतात. २००७-०८ च्या पाहणीत तिथल्या शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या इन्युइट मुलांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास मुलं पुरेशा अन्नाची खात्री नसलेल्या घरांत राहत होती. मॅक्‌गिलच्या त्याच अभ्यासकांना पुन्हापुन्हा दिसलंय की ज्या दिवशी ताटात शिकारीचं थोडं जरी मांस असतं त्या दिवशी लोह, जस्त, जीवनसत्त्वं सगळंच वर जातं. पण शिकारीला स्नोमोबिल लागते, पेट्रोल लागतं, आणि कॅरिबूही लागतात. क्वेबेक आणि लॅब्रडॉरमधला जॉर्ज नदीचा कळप १९९० च्या दशकात सात-आठ लाखांचा होता. २०१८ मध्ये साडेपाच हजार उरले होते.

त्यात विषाची भर. दक्षिणेतल्या कारखान्यांतून आणि शेतांतून उडालेली रसायनं वाऱ्यानं, पाण्यानं उत्तरेला जातात आणि सील-देवमाशांच्या चरबीत साठतात. १९८० च्या दशकात उत्तर क्वेबेकमधल्या इन्युइट आयांच्या दुधात पीसीबी नावाच्या अशाच रसायनांचं प्रमाण दक्षिणेतल्या बायकांच्या कितीतरी पट निघालं. त्या बायकांनी तसला कारखाना कधी पाहिलेलाही नव्हता! इन्युइट नेत्या शीला वॉट-क्लुटिए यांनी आंतरराष्ट्रीय वाटाघाटींच्या टेबलावर आई आणि बाळाची एक दगडी मूर्ती नेऊन ठेवली. २००१ मध्ये अशा रसायनांना आवर घालणारा स्टॉकहोम करार झाला, आणि आईच्या दुधातली ही रसायनं तेव्हापासून उतरत आली आहेत. पारा मात्र अजून आहे.

आणि इथं मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट. उत्तर क्वेबेकच्या नुनाविकमधलं आरोग्य मंडळ लोकांना शिकारीचं खाणं सोडा असं सांगत नाही. ते भागवार सांगतं. बेलुगाच्या मांसात, विशेषतः वाळवलेल्या मांसात, पारा जास्त, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी ते कमी खावं. त्याच बेलुगाच्या मत्ताकमध्ये तो कमी, ते खुशाल खावं. वॉलरस मारला की कच्चं किंवा आंबवलेलं खाण्याआधी त्याच्या जिभेचा तुकडा कूजुआकच्या संशोधन केंद्रात पाठवायचा. तिथं ट्रायकिनेला नावाच्या जंताची तपासणी होते आणि निकाल रेडिओवरून गावाला कळवतात, मगच वाटणी. आणि गरोदर बायकांना आर्क्टिक चार नावाचा मासा, ज्यात पारा नगण्य आणि मेद भरपूर, फुकट मिळावा म्हणून योजना आखली गेली. तो मासा धरायला अर्थात गावातलेच शिकारी.